उसनी चाकं

माझ्या नवऱ्याला बोलतं करायचं असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत एखादं काम चुकीचं करायचं, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण त्या सप्टेंबरात मी ते मुद्दाम करत नव्हते. मागच्या पोर्चवर विजेच्या केबलचं एक मोठं रिकामं लाकडी रीळ आडवं पाडून करवतीनं कापत बसले होते. त्याच्या दोन बाजूंच्या गोल फळ्या सुट्या केल्या की हॅलोविनच्या भुताच्या गाडीला दोन चाकं मिळतील, असा माझा साधा हिशेब होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"नेडीन, ते चाक नाही. ते टेबल आहे."

जीभ जड झाल्यामुळे वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण पुरं झालं. महिन्याभरात रॉस्को 'हो', 'नको' आणि 'टीव्ही बंद कर' यापलीकडे काही बोलला नव्हता. मी करवत खाली ठेवली.

जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय फरपटतो, तोंडाची डावी बाजू खाली ओघळली आहे. डॉक्टर म्हणाले, चालवा, फिरवा, माणसांत न्या. माणसांत! एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात काढलेला हा माणूस; गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं लहानपणी बसमध्ये चढताना पाहिलंय. तोच आता मागच्या दाराच्या पुढे जाईना. गॅरेजातले मित्र केक घेऊन आले, तर ते जाईपर्यंत हा न्हाणीघरात कडी लावून बसला. बाहेर मी त्या बिचाऱ्यांना कॉफी पाजत आणि खोटं बोलत बसले. असे आठ महिने गेले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज साडेतीनशे पोरांना जेवायला घालते, मला हार मानायची सवय नाही, पण त्या दिवसांत रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, हे कबूल करते.

हॅलोविन हा त्याचा सण. बावीस वर्षं आमच्या अंगणात काही ना काही उभं राहायचं. कधी तोफ, कधी फाशीचा खांब, कधी घशातून धूर सोडणारी म्हैस. त्या संध्याकाळी सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरणारी पोरं आधी आमच्याकडे यायची आणि मग बाकीच्या घरी. यंदा अंगण रिकामं राहिलं असतं तर सगळ्या गावाला कारण कळलं असतं, म्हणून मीच भुताची गाडी करायला घेतली होती.

"टेबल तर टेबल," मी खिडकीकडे तोंड करून म्हटलं. "काळा रंग मारला की अंधारात कुणाला कळतंय?"

"मला कळतं."

"तुला कळून काय उपयोग? तू तर खिडकीतच बसणार."

त्यानं रिळाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "खरी चाकं आण. लाकडी, आऱ्यांची. पुढची लहान, मागची मोठी. मग मी बसतो."

"कुठे?"

"वर. गाडीवानाच्या जागेवर." आणि थांबून, "कॉलर वर करून. टोपी घालून."

हॅलोविनच्या रात्री मुखवट्यांमुळे सगळ्यांचीच तोंडं वाकडी असतात, हे त्याच्या डोक्यात आलं असावं. मला ते चाललं असतं. तोंडावर पोतं घालून बसतो म्हणाला असता तरी चाललं असतं. फक्त घराच्या बाहेर, पुढच्या दारातून, माणसांच्या समोर. बावीस वर्षं त्यानं माझं डोकं खाल्लं होतं या खेळण्यांपायी, आणि आता मीच त्याच्यामागे लागणार होते.

माझ्याकडे ऐंशी डॉलर होते. इंटरनेटवर एकेक चाक एकशे नव्वदला, वर पाठवणीचा खर्च. हायवेवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. तिथला गृहस्थ एका कुजक्या चाकाचे दीडशे सांगत होता. मी बोट लावलं तर लाकडाचा भुगा पडला.

"ही त्या चाकाची शोभा आहे, मॅडम," तो म्हणाला.

"मग भुगा वेगळा विका," मी म्हटलं आणि निघाले.

रागानं गाडी चालवत गावात शिरले आणि तीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. आमच्या गावात घरटी एक चाक आहे. टपालपेटीला टेकवलेलं, फाटकाशी अर्धं मातीत पुरलेलं, त्याच्या आऱ्यांतून पिटुनियाची फुलं चढवलेली. कुणाच्या तरी आजोबाच्या गाडीचं, गवत ओढायच्या यंत्राचं. मी चाकं शोधत जग पालथं घालत होते आणि चाकं आमच्या रस्त्यावर पाऊस खात उभी होती.

मग मी दारं वाजवत निघाले. हॅलोविनला पोरं जातात तशीच, फक्त महिनाभर आधी आणि साठ वर्षांची. नऊ दारं वाजवली. एकानं दार उघडून सांगितलं की घरावर बँकेचा हक्क आहे पण चाकावर नाही, म्हणून ते तो देणार नाही. एका घरी आनंदानं 'घेऊन जा' म्हणाले. मी उचललं तर एका हातात आलं. प्लॅस्टिकचं होतं. माझं तोंड बघून घरातली बाई म्हणाली, "अगं, आम्हालाही गेल्या वर्षीच कळलं."

सातवं दार थेल्मा ब्रॅडॉकबाईंचं. वय चौऱ्याऐंशी. चार पायांच्या आधारकाठीनं चालतात पण जिभेला आधार लागत नाही. त्यांच्या फाटकाशी छातीपर्यंत येणारं मोठं चाक होतं.

"ते विकायचं नाही," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याच्या गाडीचं आहे."

"विकत नको, ब्रॅडॉकबाई. उसनं द्या. हॅलोविनपुरतं."

"कशाला?"

मी सांगितलं. गाडीचं सांगितलं, आणि मग का कोण जाणे, रॉस्कोची अटही सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती. बाईंनी काठीवरचा एक हात काढून डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला.

"म्हणजे चाक मिळालं तर तो बाहेर येणार?"

"म्हणाला तरी आहे."

"मग इथे उभी काय राहिलीयस, पोरी? फावडं मागे आहे. माझी फुलं मोडलीस तर बघ."

दोन लहान चाकं आमच्या शेजारच्या डीन कोबलनं दिली. डीन म्हणजे न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर केक खात बसलेल्यांपैकी एक. त्याच्या घराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ती चाकं द्वारपालासारखी उभी असत. त्यानं काही न विचारता दोन्ही उपटली आणि माझ्या ट्रकमध्ये टाकली. चौथं चाक मला आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सापडलं, छताला. साखळ्यांनी टांगलेलं, सहा दिवे लावलेलं झुंबर. त्याच्याखाली मी आयुष्यभर लग्नाची जेवणं जेवले होते आणि कधी मान वर केली नव्हती. बंबवाल्यांचा मुख्य म्हणाला, "रॉस्कोनं आमचा बंब दोनदा फुकट दुरुस्त करून दिलाय. शिडी आणा रे!" त्या आठवड्यात तिथे एक साखरपुडा होता, तो त्यांनी ट्यूबलाइटखाली उरकला. त्या मुलीचं नावही मला माहीत नाही, पण तिचं भलं होवो.

चारही चाकं मी पोर्चला टेकवून उभी केली. रॉस्कोनं खिडकीतून एकेक न्याहाळलं. जसं काही तो विकत घेणार होता.

"ब्रॅडॉकांचं खालून कुजलंय. झुंबराला भोकं आहेत. आणि ते दोन बोटं लहान आहे. डीनच्या एकाचे आरे हलतात. माझं वजन घेणार नाहीत."

"मग गाडीखाली विटा लावू. चाकं नुसती दिसायला."

"मग मीही नुसता खिडकीतून दिसेन," तो म्हणाला आणि पडदा ओढला.

बरोबरच होतं त्याचं, म्हणून तर जास्त राग आला. कुजक्या चाकावरून तो पडला असता तर पुन्हा कधी उठला नसता. अंगानं उठला असता, मनानं नाही.

नऊ मैलांवर वीज आणि मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांची वस्ती आहे. तिथे एनॉस श्रॉक चाकं करतो. त्यांच्या घोडागाड्या त्याच्याच चाकांवर चालतात. त्याच्याकडे मी आधीच का गेले नाही? कारण ती माणसं देवभोळी. भुतं, सांगाडे, हॅलोविन, यातलं काही त्यांना चालत नाही. त्यांच्याकडून चाक नीट करून घ्यायचं आणि वर सांगाडा बसवायचा, हे माझ्या मनाला खात होतं. पण पर्याय नव्हता. मी चाकं ट्रकमध्ये भरली. मागे थर्मोकोलची शवपेटी आणि आमचा जुना सांगाडा पडला होता, त्यावर माझा हिवाळी कोट पसरला आणि गेले.

एनॉस साठीचा, दाढी पोटापर्यंत, हात माझ्या दोन्ही हातांएवढा. त्यानं चाकं उतरवून घेतली, मधल्या तुंब्यात बोटं घातली, आऱ्यांवर हातोडीनं टिचक्या मारून ऐकलं.

"कुणी बसणार आहे याच्यावर?"

"माझा नवरा," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"वजन?"

"दोनशे तीस पौंड. आजारापूर्वी अडीचशे होतं."

"कधीपासून आजारी आहे?"

"जानेवारीपासून. घराबाहेर पडलेला नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं.

"मोठी दोन सारखी नाहीत," तो म्हणाला. "एक कापून सारखं करता येईल. पण चाकं तुमची नाहीत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एकाच्या घरातली चार चाकं इतकी निराळी नसतात. दुसऱ्याचं चाक मी कापणार नाही. गाडी थोडी डावीकडे कलेल."

"कलू दे. किती होतील?"

"सत्तर. पुढच्या गुरुवारनंतर या."

सत्तर! एका चाकाचेही नव्हेत. मी पैसे तिथेच काढून दिले, त्याचा विचार बदलायच्या आत.

नेलेली चाकं आणायला गेले तेव्हा ती त्यानं ओळीनं भिंतीला लावून ठेवली होती. करड्या, ऊन खाल्लेल्या लाकडात नवे आरे दाताच्या कवळीसारखे पांढरे दिसत होते. झुंबराची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली. लोखंडी धावा तापवून पुन्हा चढवलेल्या. शेजारी जुन्या बग्गीचे दोन आस, वंगण लावून, फडक्यावर ठेवलेले.

"मी आस सांगितले नव्हते," मी म्हटलं.

"माणूस बसणार म्हणालात." त्यानं ब्रॅडॉकबाईंचं चाक आसावर चढवून एक बोट लावलं. ते फिरायला लागलं, आणि आवाज न करता फिरतच राहिलं.

इतक्या चांगल्या माणसाला मी अर्धवट सांगितलं होतं. मी म्हटलं, "एनॉस, हे हॅलोविनसाठी आहे. गाडी अंगणात उभी राहणार. आत शवपेटी, तिच्यात सांगाडा. माझा नवरा भुताचा गाडीवान होणार. चाकं फिरायचीसुद्धा नाहीत. मी आधीच सांगायला हवं होतं."

त्यानं चाक हातानं थांबवलं.

"माहीत आहे मला. तुमच्या कोटाखालून पाय बाहेर आला होता."

"अरे देवा."

"मला ते पसंत नाही," तो शांतपणे म्हणाला. "पण आजारी माणूस चाकावर बसणार असेल, तर चाक चांगलं पाहिजे. नुसतं दाखवायचं चाक मला करता येत नाही. माझं नाव पेपरात देऊ नका, आणि उघड्या लाकडाला जवसाचं तेल लावा."

मी आभार मानायला तोंड उघडलं. त्यानं तेवढ्यात चाकं ट्रकमध्ये चढवून टाकली, आणि सांगाड्याचा पाय कोटाखाली नीट सारून ठेवला.

आमच्या गावात पोरांनी दारोदार फिरायची वेळ ठरलेली असते. सहाला बंबवाल्यांचा भोंगा वाजतो तेव्हा सुरू आणि आठला वाजतो तेव्हा बंद. दोन तास रस्त्यावर गाड्यांना मनाई. हॅलोविनच्या दिवशी पावणेसहाला गाडी अंगणात तयार होती. जुन्या फळ्यांची, काळी, पडदे फाटके, शवपेटीचं झाकण अर्धं उघडं, पुढे दोन दांड्या आणि घोडा नाही. रॉस्को काळा कोट घालून स्वयंपाकघरात बसला होता. बसलाच होता.

"नको, नेडीन."

मी नुसती त्याची टोपी टेबलावर ठेवली. बोलले असते तर वाईट बोलले असते. मागच्या दारानं डीन आत आला, त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रॉस्को, गाडी डावीकडे कललीय. नेडीननं चाकं नीट बसवलेली दिसत नाहीत."

"चाकं नीट आहेत," रॉस्को म्हणाला. "एक दोन बोटं लहान आहे."

"मला तर आस वाकडा वाटतो."

"आस सरळ आहे!" तो टेबलाला धरून उठला. "चल, दाखवतो."

आणि माझा नवरा दहा महिन्यांनी पुढच्या दारातून बाहेर पडला, पाय फरपटत, डीनला शिव्या देत. पायऱ्यांशी थांबून त्यानं गाडीकडे पाहिलं. "कललीय खरी," म्हणाला. "माझ्यासारखीच." घरात त्या तोंडाचा विषय आम्ही कधी काढला नव्हता. मी हसू की रडू अशी उभी, आणि डीन मात्र मोठ्यानं हसला. मग आम्ही दोघांनी त्याला वर चढवलं. त्यानं कॉलर वर केली, टोपी नाकापर्यंत ओढली, आणि भोंगा वाजला.

पोरं आली. ओरडली, पळाली, परत आली. रॉस्को दगडासारखा बसून गोळ्या वाटत होता, तोंड कॉलरमध्ये. माझं तेवढ्यावर समाधान होतं. देवाशपथ होतं. साडेसहाला ब्रॅडॉकबाई काठी टेकत टेकत आल्या आणि थेट मागच्या चाकापाशी वाकल्या.

"हे माझं ना? फिरतं का आता, की नुसतंच सजवलंय?"

कॉलरमधून आवाज आला, "फिरतं."

"पाहिल्याशिवाय मी नाही विश्वास ठेवणार. माझ्या सासऱ्याच्या हयातीतही ते कुरकुरायचं."

"डीन," रॉस्को म्हणाला, "चाकाखालचा ठोकळा काढ."

"रॉस्को, ही गाडी उभी ठेवायची आहे," मी म्हटलं.

"ठोकळा काढ!"

डीननं ठोकळा काढला. गाडी जागची हलली, एक हात पुढे आली, आणि चाकाचा आवाजसुद्धा झाला नाही. बाई चाकाकडे बघत राहिल्या. गोळ्या घ्यायला आलेल्या बंबवाल्यांतल्या चौघांनी दांड्या धरल्या, डीननं मागे दोर धरला, आणि काय होतंय हे मला कळायच्या आत गाडी फाटकातून रस्त्यावर गेली होती. मागे पोरांची रांग. चेटकिणी, अंतराळवीर, एक चालतं टोस्टर. मी ओरडत मागे धावले. कोपऱ्यावर वारा आला आणि रॉस्कोची टोपी उडाली. मी ती उचलून वर धरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घेतली नाही. त्याचे दोन्ही हात बाकाला घट्ट धरलेले होते, आणि दिव्यांच्या उजेडात त्याचं सगळं तोंड उघडं होतं.

एक चार वर्षांची मुलगी चाकाजवळून चालत होती, पाठीला जादाचे पाय शिवलेले.

"तुझं तोंड वाकडं का आहे?" तिनं विचारलं. तिच्या आईला धरणी दुभंगून आत जावंसं वाटलं असावं.

"आजारी पडलो होतो," रॉस्को म्हणाला. "तुला पाय सहा का आहेत?"

"मी भुंगा आहे."

"असं होय."

तिला ते पटलं. ती चालत राहिली.

आठचा भोंगा वाजला तेव्हा गाडी बंबखान्यासमोर होती, घरापासून अर्धा मैल लांब. गॅरेजातले मित्र तिथे कॉफी पीत उभे होते. त्यांनी त्याला वरून उतरवून खुर्चीत बसवलं आणि कुणी एकानं पुढे केक ठेवला. तो त्यानं सगळ्यांसमोर, हनुवटीवर सांडत, पुरा खाल्ला.

सकाळी मी शाळेतून रजा घेतली. चाकं परत करायची होती. मी एकटीच ट्रकमध्ये भरत होते, तर हा कोट घालून पुढच्या पायऱ्या उतरून आला.

"तू दारं वाजवलीस," म्हणाला. "आता मी वाजवतो."

दोन चाकं डीनच्या वाटेवर उभी केली, एक बंबवाल्यांना दिलं. त्यांनी ते झुंबर डाव्या बाजूनं थोडं खाली टांगलं, रॉस्कोच्या सन्मानार्थ म्हणे. मूर्ख कुठले! शेवटी ब्रॅडॉकबाई. रॉस्कोनं दार वाजवलं. बाई बाहेर आल्या, त्याला नखशिखांत पाहिलं, आणि इतकंच म्हणाल्या, "यायला बराच वेळ लावलास."

"हो," तो म्हणाला. मग श्वास घेतला. तो वाक्य जुळवतोय हे मला दिसत होतं. मदतीला जायचा मोह मी दाबला. "तुमच्या चाकाबद्दल मी तुमचा आभारी आहे. सगळ्याबद्दलच."

बाईंनी मान हलवली आणि फुलांकडे पाहिलं. पिटुनिया थंडीनं करपून गेली होती, ती माझ्यामुळे नाही. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून फाटकाशी उभं राहून तो मला सांगत होता: खोल खणू नकोस, खाली सपाट दगड ठेव, म्हणजे लाकूड पुन्हा मातीला लागणार नाही. असा नाही, उलटा ठेव. येणारेजाणारे हात हलवत होते आणि तो हात वर करत होता. मी एकदा जमत असूनही दगड मुद्दाम तिरका ठेवला, त्यानं आणखी बोलावं म्हणून.

ट्रकमध्ये बसल्यावर मी घरी जायला किल्ली काढली.

"आता एनॉसकडे," तो म्हणाला.

"नऊ मैल आहे, रॉस्को. तू दमलायस."

"मग? ट्रकला चाकं नाहीत का?"

मला किल्ली नीट लागेना, डोळ्यांत एवढं पाणी होतं. तो शेजारी वाट बघत बसला, आणि मग म्हणाला, "नेडीन, ती किल्ली घराची आहे."